युवभारतीची गर्दी

कोलकात्यात दरवर्षी १६ ऑगस्टला फुटबॉलवेडे लोक रक्तदान करतात. शिबिरं भरतात, मोहन बागानचा समर्थक आणि ईस्ट बंगालचा समर्थक शेजारशेजारच्या खाटांवर आडवे होतात. या दिवसाला तिथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणतात. त्यामागची तारीख आहे १६ ऑगस्ट १९८०. त्या दिवशी ईडन गार्डन्सवर कोलकाता लीगमधला या दोन क्लबांचा सामना होता. ईडन हे क्रिकेटचं मैदान, पण एवढी माणसं बसवायला शहरात दुसरी जागाच नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. मैदानावर दोन खेळाडू एकमेकांवर धावून गेले आणि तीच ठिणगी गॅलरीत पडली. दगडफेक झाली, हाणामारी झाली, जीव वाचवायला लोक बाहेरच्या वाटांकडे धावले आणि अरुंद जागेत चेंगराचेंगरी झाली. सामना बघायला घरून निघालेली १६ माणसं परत गेली नाहीत.

विधाननगरमधलं विवेकानंद युवभारती क्रीडांगण, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेलं सॉल्ट लेक स्टेडियम, यानंतर साधारण साडेतीन वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये सुरू झालं. मोठ्या स्टेडियमची गरज शहराला आधीपासूनच जाणवत होती. १६ ऑगस्टनंतर ती कुणाला पटवून द्यावी लागली नाही. युवभारतीबद्दल लिहिताना बहुतेक जण तिथे कोणकोण मोठे खेळाडू येऊन गेले याची यादी देतात. ती यादी खरोखरच मोठी आहे आणि तिच्याकडे आपण येऊच. पण मला या स्टेडियमची खरी गोष्ट तिथल्या गर्दीत दिसते. एका शहराला आपली गर्दी कशी सांभाळता आली, कुठे सांभाळता आली नाही, आणि त्या गर्दीनेही शहराला काय दिलं, ही ती गोष्ट.

त्यासाठी आधी ही गर्दी आली कुठून ते पाहायला हवं.

मोहन बागान हा क्लब १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघाला २–१ असं हरवलं. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. बंगालच्या फाळणीचा घाव ताजा असलेल्या त्या काळात या विजयाला मिळालेलं मोल खेळापुरतं राहिलं नाही. मोहन बागान देशाचा क्लब झाला. पण त्याच्या घरचे लोक मुख्यतः पश्चिम बंगालातले, कोलकात्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेले. त्यांना ‘घोटी’ म्हणतात. पद्मा नदीपलीकडून, पूर्व बंगालातून शिक्षणा-नोकरीसाठी आलेल्यांना म्हणत ‘बांगाल’, आणि त्या म्हणण्यात हेटाळणी असे. १९२० मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात एका पूर्व बंगाली खेळाडूला वगळलं. क्लबचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधरी या गोष्टीने दुखावले, बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० ला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. नावातच गावाकडची ओढ होती. दोघांचा लीगमधला पहिला सामना १९२५ च्या मे महिन्यात झाला आणि नवख्या ईस्ट बंगालने तो १–० जिंकला.

इथवर ही दोन क्लबांची चुरस होती. १९४७ ने तिचं रूप बदलून टाकलं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून लाखो माणसं कोलकात्यात आली. सियालदह स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. शहराच्या दक्षिणेला जादवपूर, विजयगढ अशा भागांत निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कित्येकांची जमीन गेली, घर गेलं, गावचं तळंही गेलं. आपल्या गावाचं नाव ज्यावर अजून लिहिलेलं होतं अशी शहरातली एकच जागा उरली होती, ती म्हणजे हा क्लब. १९४९ ते १९५३ या वर्षांत ईस्ट बंगालच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक ‘पंचपांडव’ म्हणत: अहमद खान, अप्पाराव, धनराज, सालेह आणि व्यंकटेश. गंमत अशी की पाचही जण दक्षिणेकडचे होते, एकही बंगाली नव्हता. पद्मेकाठची गावं सुटलेल्या माणसांनी बंगळुरू, काकिनाडा आणि केरळातून आलेल्या पोरांना आपलं मानलं. निर्वासितांच्या क्लबला हे शोभणारंच होतं.

आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडतात तेव्हा पेठा कशा पेटतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना कोलकात्याचं वेड कळायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की तिथे पेठेच्या जागी अख्खा गेलेला प्रदेश आहे. त्यामुळे डर्बीचा, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्याचा, निकाल मासळीबाजारापर्यंत पोहोचतो. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, म्हणजे हिलसा मासा महागतो. मोहन बागान जिंकला की चिंगडी, म्हणजे कोळंबी. सासर एका क्लबचं आणि माहेर दुसऱ्याचं अशी घरंही तिथे भरपूर आहेत. त्या घरांत डर्बीच्या संध्याकाळी काय शिजणार हे रेफ्रीच्या शेवटच्या शिट्टीवर ठरतं.

ही माणसं बसवायची कुठे? दोन्ही क्लबांची स्वतःची मैदानं कोलकात्याच्या मैदान भागात आहेत. पण मैदानाची सगळी जमीन फोर्ट विल्यमच्या काळापासून लष्कराच्या ताब्यात. तिथे पक्कं बांधकाम करता येत नाही, म्हणून क्लबांच्या गॅलऱ्या लहान राहिल्या. शिवाय सामन्यासाठी लोक जीव टाकणारे. त्यामुळे मोठे सामने ईडनवर. पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळायला आला, तो २४ सप्टेंबर १९७७ चा २–२ असा बरोबरीत सुटलेला सामनाही ईडनवरच झाला होता.

नवी जागा मिळाली ती शहराच्या पूर्वेला, पाण्यातून वर काढलेल्या जमिनीवर. कोलकात्याच्या त्या बाजूला खाऱ्या पाण्याची तळी आणि दलदल पसरलेली होती. पन्नास-साठच्या दशकांत मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने तिथे उपनगर वसवायचं ठरलं. हुगळीच्या तळातला गाळ पाण्यात कालवून नळांतून दूरवर आणला गेला आणि तळी भरून काढली गेली. हे काम युगोस्लाव्हियाच्या कंपनीने केलं, आराखडाही युगोस्लाव्ह नगररचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांचा. शहरावरचा माणसांचा ताण हलका करायला हे उपनगर हवं होतं, आणि तो ताण मोठ्या प्रमाणावर फाळणीने आणलेला होता. म्हणजे ज्या घटनेने स्टेडियमची गर्दी घडवली, तिनेच थोड्याफार प्रमाणात स्टेडियमखालची जमीनही घडवली.

स्टेडियमचा परिसर ७६ एकरांचा. लंबवर्तुळाकार, तीन मजली काँक्रीटच्या गॅलऱ्या, वर धातूच्या नळ्यांचं आणि पत्र्यांचं छत. फुटबॉलच्या मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे खालच्या रांगेतला प्रेक्षकही खेळापासून बराच लांब राहतो. फुटबॉलसाठी ही गैरसोयच. युरोपातल्या जुन्या मैदानांवर पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू येतो, तसं इथे होत नाही. पण गर्दीच्या दृष्टीने पाहिलं तर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट नीट केली. वर जायला जिन्यांऐवजी रुंद उतार ठेवले, तेही तीसच्या आसपास, आणि आत शिरायला वेगवेगळी दारं. उतारावर माणूस अडखळून पडण्याची भीती कमी, आणि मागून रेटा आला तरी लोक पुढे सरकत राहतात. दोन क्लबांच्या लोकांना वेगळी दारं आणि वेगळ्या गॅलऱ्या देता आल्या. ईडनवर ज्या मिसळलेल्या गॅलरीने जीव घेतले, तिला इथे जागा उरली नाही.

बसायला सुरुवातीला पायऱ्या होत्या, खुर्च्या नव्हत्या. काँक्रीटच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकायचं, शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि आणखी कुणी आलं तर सरकायचं. अशाने सव्वा लाख माणसं सहज मावत. कधीकधी त्याहून जास्त.

जास्त म्हणजे किती, ते १३ जुलै १९९७ च्या रविवारी कळलं. फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. दोघे जुने प्रतिस्पर्धी, आणि स्वभावाने दोन टोकांचे. अमलदा वाचणारे, प्रयोग करणारे, परदेशी डावपेचांचा अभ्यास करून आपल्या पोरांवर ते करून पाहणारे. पीके १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. खेळाडूच्या मनात शिरून त्याला पेटवायची त्यांची हातोटी मोठी, आणि त्यांच्या त्या बोलण्याला कोलकात्याची वर्तमानपत्रं ‘व्होकल टॉनिक’ म्हणत.

त्या मोसमात अमल दत्तांनी ‘डायमंड’ रचना आणली होती. मागे तिघेच बचावपटू, मधल्या फळीत चौघं हिऱ्याच्या चार टोकांसारखे मांडलेले, आणि पुढे तिघे आघाडीवर. भारतातले बहुतेक संघ तेव्हा चौघांच्या बचावफळीवर खेळत. त्यांच्यापुढे हे सात जणांचं आक्रमण वादळासारखं यायचं. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला या रचनेने ६–० असं धुऊन काढलं. त्यानंतरचा आठवडा शहरात दुसरा विषय नव्हता. दत्तांनी वर्तमानपत्रांतून ईस्ट बंगालच्या खेळाडूंना टोपणनावं ठेवली. भायचुंग भुतियाला ते ‘चुंग चुंग’ म्हणाले. हे त्यांनी करायला नको होतं असं मला वाटतं. एवढ्या व्यासंगी माणसाच्या तोंडी ते शोभलं नाही. पण त्या चिडवण्याने सामन्याची हवा आणखी तापली हे खरं.

मोजलेली तिकिटं होती १ लाख ३१ हजार ७८१. भारतात कुठल्याही खेळाच्या सामन्याला झालेली ही सर्वांत मोठी नोंदलेली गर्दी मानली जाते. एका बाजूला गॅलरीभर मोहन बागानचा हिरवा-तांबूस रंग, दुसरीकडे ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी. दक्षिण चोवीस परगण्यातून, हुगळीपलीकडून, नदियातून ट्रक आणि मॅटाडोर भरभरून माणसं आली होती. विधाननगर रोड स्टेशनवर लोकलमधून उतरलेले लोंढे पायीच स्टेडियमकडे निघाले होते. मेट्रो त्या बाजूला तेव्हा नव्हती.

पहिला गोल नाझीमुल हकचा, ईस्ट बंगालसाठी. मध्यंतरानंतर लगेच भायचुंगने दुसरा केला. चिमा ओकोरीने मोहन बागानसाठी एक परत आणला तेव्हा हिरव्या-तांबूस गॅलऱ्या उसळल्या. सामना फिरणार असं वाटावं अशीच ती घडी होती. पण बरोबरीसाठी मोहन बागान जितका पुढे सरकला तितकी त्याच्या तिघांच्या मागची जागा मोकळी पडली, आणि सिक्कीमच्या तिनकितामसारख्या डोंगरातल्या गावातून आलेल्या वीस वर्षांच्या भायचुंगला धावायला तेवढीच जागा हवी होती. शेवटच्या टप्प्यात त्याने आणखी दोन गोल केले. ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. डायमंडचं नाव पुढे बरीच वर्षं चेष्टेने घेतलं गेलं, आणि तो अमलदांवर अन्याय होता. भारतीय फुटबॉलमध्ये एखाद्या रचनेवर पानटपऱ्यांवर वाद झाले असतील तर ते त्यांच्यामुळे झाले. दोन्ही संघांचे प्रशिक्षक आपापल्या परीने त्या दिवशी फुटबॉल शिकवत होते, आणि शिकायला सव्वा लाखांवर माणसं बसली होती.

या सामन्याच्या आठवणींत एक गोष्ट नेहमी मागे पडते. तो अंतिम सामना नव्हताच. अंतिम फेरीत ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकर संघाकडून २–१ असा हरला आणि कप गोव्याला गेला. मडगाव-वास्कोकडच्या जुन्या फुटबॉलरसिकांना हे पक्कं आठवत असतं, आणि आठवावंच.

यानंतर पाहुण्यांची यादी उरकून घेऊ. २७ मे २००८ रोजी बायर्न म्युनिकचा संघ मोहन बागानशी खेळला. निवृत्त होत असलेल्या ऑलिव्हर कानला निरोप द्यायला लाखावर लोक जमले, बायर्न ३–० जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरात मॅराडोना आला. तो खेळला नाही, नुसता दिसला, तरी गॅलऱ्या भरल्या. २ सप्टेंबर २०११ ला अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला. अर्जेंटिनाचे नवे प्रशिक्षक सबेला यांनी कर्णधारपदाची पट्टी लायोनेल मेस्सीच्या दंडावर बांधली ती या सामन्यापासून. त्याच्या कॉर्नरवर ओतामेंदीने डोक्याने मारलेला गोल हा त्या सामन्यातला एकमेव. अर्जेंटिनाच्या कर्णधार मेस्सीच्या पुढच्या सगळ्या प्रवासाची सुरुवात कोलकात्याने पाहिली, याचा तिथल्या माणसाला केवढा अभिमान आहे ते त्याच्याशी दोन मिनिटं बोललं तरी कळतं.

तोच मेस्सी १३ डिसेंबर २०२५ ला पुन्हा इथे आला, या वेळी फक्त दर्शन द्यायला. हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांना तो धड दिसलाच नाही, कारण त्याच्याभोवती मान्यवरांचं आणि त्यांच्या माणसांचं कडं होतं. ठरल्यापेक्षा लवकर तो निघून गेला आणि प्रेक्षकांचा संयम सुटला. बाटल्या आल्या, खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या गेल्या. मला या प्रसंगातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. सामना असतो तेव्हा सगळ्यांसाठी नव्वद मिनिटं सारखी असतात. वरच्या मजल्यावरच्या माणसालाही तोच गोल दिसतो जो मंत्र्याला दिसतो. त्या दिवशी सामना नव्हता, म्हणून वाटून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अर्थात सामना असूनही सगळं बिघडल्याचे दिवस आहेतच. ९ डिसेंबर २०१२ च्या डर्बीत पहिल्या सत्रात मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं आणि गॅलरीतून दगड आले. एक दगड मोहन बागानच्याच रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. मध्यंतरानंतर मोहन बागानचा संघ मैदानात उतरला नाही. क्लबवर आधी बंदी आली, पुढे ती उठवून मोठा दंड झाला. वेगळी दारं, वेगळ्या गॅलऱ्या एवढ्याने भागत नाही हे त्या दिवशी कळलं. दगड आत कसा आला, हा प्रश्न उरलाच.

उत्तराचा एक भाग २०१७ मध्ये आला, तो बाहेरून. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला आणि अंतिम सामना युवभारतीला मिळाला. फिफाच्या नियमांत काँक्रीटच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसण्याची सोय नाही. प्रत्येक प्रेक्षकाला क्रमांक असलेली स्वतंत्र खुर्ची हवी. गॅलऱ्यांची डागडुजी झाली, कपडे बदलायच्या खोल्या नव्या झाल्या. काही वर्षं इथे कृत्रिम हिरवळ होती. त्या जागी आता बर्म्युडा गवत होतं. कृत्रिम हिरवळ पावसाळ्यात चिखल होऊ देत नसे, पण उन्हात तापायची आणि गुडघ्यांची परीक्षा बघायची. खेळाडूंना तिचा कंटाळा होता. या सगळ्यात सव्वा लाखाचं स्टेडियम पासष्ट-सत्तर हजारांच्या घरात आलं. जुने लोक अजून हळहळतात. मला वाटतं हे व्हायलाच हवं होतं. शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसण्याची मजा मोठी असेल, पण काही घडलं तर त्या पायऱ्यांवरून बाहेर पडायला वाट मिळत नाही, हे ज्या शहराने १९८० मध्ये पाहिलं त्याने तरी ही हळहळ आवरायला हवी.

त्या विश्वचषकात भारताचे सामने दिल्लीला होते. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुढे तो ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी जर्सीतही खेळला. एक उपांत्य सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, स्पेनने मालीला हरवलं. दुसरा इंग्लंड आणि ब्राझील यांचा. तो गुवाहाटीला ठरला होता, पण पावसाने तिथल्या मैदानाची वाट लावली आणि सामना ऐनवेळी कोलकात्याला आला. तरीही साठ हजारांवर माणसं आली, बहुतेक पिवळ्या रंगात, कारण कोलकात्याचं अर्धं मन पेलेच्या काळापासून ब्राझीलकडे आहे. र्‍हियान ब्रूस्टरने तीन गोल केले, ब्राझील ३–१ असा हरला, आणि त्याच गर्दीने इंग्लंडच्या मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. २८ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात स्पेनने अर्ध्या तासात दोन गोलांची आघाडी घेतली. मध्यंतराच्या जरा आधी ब्रूस्टरने एक फेडला. दुसऱ्या सत्रात इंग्लंडने चार गोल केले, त्यातले दोन फिल फोडनचे. ५–२. प्रेक्षक ६६ हजार ६८४. फोडन पुढे मँचेस्टर सिटीचा मोठा खेळाडू झाला, आणि त्याचे ते दोन गोल पाहिलेला माणूस उलटाडांग्याच्या चहाच्या टपरीवरही भेटू शकतो.

देशाचे सामने इथे होतात तेव्हा एक वेगळीच गुंतागुंत पाहायला मिळते. १५ ऑक्टोबर २०१९ ला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत समोर बांगलादेश होता. गॅलरीतल्या हजारो लोकांचे आजोबा-पणजोबा याच देशातून आलेले. बांगलादेशने पूर्वार्धात गोल केला आणि भारत ८८ व्या मिनिटापर्यंत मागे होता. तेव्हा कॉर्नरवर गोव्याच्या आदिल खानने उंच उडी घेऊन हेडर मारला आणि सामना १–१ बरोबरीत सुटला. ६ जून २०२४ ला सुनील छेत्रीने निवृत्तीसाठी याच मैदानाची निवड केली. २००२ मध्ये मोहन बागानमधून त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली होती, आणि मोहन बागानचे थोर बचावपटू सुब्रत भट्टाचार्य त्याचे सासरे. कुवेतविरुद्धचा तो सामना ०–० सुटला. सामना संपल्यावर छेत्री चौफेर फिरून हात जोडत होता आणि रडत होता. पुढच्या वर्षी संघाला गरज पडली तेव्हा तो परत खेळायला आला, पण त्या संध्याकाळचं रडणं खरंच होतं.

मुंबईचंही या मैदानाशी नातं आहे, आणि ते कडू-गोड आहे. इंडियन सुपर लीगचा अगदी पहिला सामना, १२ ऑक्टोबर २०१४ चा, इथेच झाला आणि मुंबई सिटी तो ०–३ हरला. दहा वर्षांनी, १५ एप्रिल २०२४ ला, लीगचं विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यातही मोहन बागानने मुंबईला २–१ हरवलं. पहिला गोल गोव्याच्या लिस्टन कोलासोचा. पण तीन आठवड्यांनी ४ मे रोजी त्याच दोन संघांचा अंतिम सामना त्याच मैदानावर झाला तेव्हा बासष्ट हजारांसमोर मुंबई मागे पडूनही ३–१ जिंकली. परक्या शहरात, एवढ्या मोठ्या विरोधी गर्दीपुढे जिंकणं ही मुंबईच्या फुटबॉलमधली मोठी गोष्ट आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी तिला द्यायला हवी होती तेवढी जागा दिली नाही.

कोलकात्याची ही गर्दी क्लबच्या मालकांनाही जुमानत नाही. २०२० मध्ये मोहन बागान आणि इंडियन सुपर लीगमधला एटीके हा क्लब एकत्र आले, आणि क्लबच्या नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरं लागली. समर्थकांनी ती मान्य केली नाहीत. फलक लागले, मोर्चे निघाले, आणि २०२३ मध्ये ती अक्षरं गेली.

गॅलरीतले फलकही आता बदललेत. पूर्वी चादरीवर रंगाने लिहिलेलं असायचं. आता समर्थकांचे गट आठवडे-आठवडे खपून अख्खी गॅलरी झाकणारी चित्रं तयार करतात. १९ जानेवारी २०२० च्या डर्बीत ईस्ट बंगालच्या गॅलरीत एक मोठा फलक उलगडला. देशात तेव्हा नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून वातावरण तापलेलं होतं. ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद देऊन नव्हे, अशा अर्थाचं बंगालीत त्यावर लिहिलेलं होतं. सियालदहच्या फलाटावर उतरलेल्यांच्या नातवंडांनी तो शिवला होता, आणि निर्वासितांच्या क्लबला शंभरावं वर्ष लागलं होतं. सामना मोहन बागानने २–१ जिंकला. तरी त्या दिवसाची आठवण निघाली की आधी फलक आठवतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र डर्बी झालीच नाही. ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता, आणि शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ ऑगस्टला युवभारतीवर ड्युरंड कपमधली डर्बी होती. दोन्ही गॅलऱ्यांतून न्यायाच्या घोषणा उठणार हे सगळ्यांना माहीत होतं. पुरेसा पोलीस बंदोबस्त देता येणार नाही असं कारण सांगून सामना रद्द करण्यात आला. सामना नसलेल्या त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर, बायपासच्या रस्त्यावर जमले. तिसरा जुना क्लब मोहम्मेडन स्पोर्टिंग, त्याचेही लोक आले. ज्यांना एका गॅलरीत बसू द्यायचं नाही म्हणून हे स्टेडियम दारं-उतार वेगळे करून बांधलं, ते एकमेकांच्या क्लबचे झेंडे हातात घेऊन एकच घोषणा देत होते. हिरव्या-तांबूस जर्सीतला एक पोरगा लाल-सोनेरी जर्सीतल्याच्या खांद्यावर बसलेला होता. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा मारही सगळ्यांनी मिळून खाल्ला.

रद्द झालेल्या सामन्याचा हिशेब दोन महिन्यांनी लागला. १९ ऑक्टोबरला लीगमधली डर्बी झाली, लोक आपापल्या दारांनी आत गेले, आणि मोहन बागानने मॅक्लारेन व पेट्राटोसच्या गोलांवर ईस्ट बंगालला २–० असं हरवलं. चिंगडी महागली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ड्युरंड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत दोघं पुन्हा समोरासमोर आले आणि ईस्ट बंगाल २–१ जिंकला.